तिन्ही पेड एकाच जागी

विहिरी खणणारा दोर परत घेऊन आला तेव्हा थोरली दारात बसून दोरासाठी घायपाताच्या तंतूंचा वाख विंचरत होती. त्यानं खांद्यावरचं वेटोळं उतरवलं आणि तिच्या पुढ्यात टाकलं. टाकलं, ठेवलं नाही. थोरलीनं ते पाहिलं आणि फणीवरचा हात चालूच ठेवला.

चाळीस वर्षांत या घरातून गेलेला दोर असा परत आला नव्हता. झिजून आला असेल, कुणी सांधायला आणला असेल. पण नको म्हणून परत?

"लांबीला कमी पडला का रे?" तिनं विचारलं.

"लांबीला नाही, काकू. जरा हात फिरवा."

"हात फिरवूनच देते मी."

"या खेपेला फिरवला नाहीत."

ते खरं होतं. त्या वर्षी पाणी खोल गेलं होतं. जो तो आपली विहीर आणखी खाली नेत होता, आणि खाली जायचं तर लांब दोर लागतो. महिन्यात सहा दोर गेले होते. पूर्वी दिवसभराचं काम संपलं की थोरली दोराच्या एका टोकाला उभी राहायची, डोळे मिटायची आणि तळहातातून सबंध दोर सोडायची. या खेपेला गिऱ्हाईक दारात उभं होतं. दोर तसाच गेला.

"माझा भाऊ याच्यावर उतरणार होता," विहीरवाला म्हणाला. "म्हैस बांधायची असती तर मी तोंड उघडलं नसतं."

थोरलीनं फणी बाजूला ठेवली, वेटोळ्यात हात घातला. अंगठा एका जागी थांबला. तिथं दोर फुगीर होता, दाबला की दबत होता. बाळाच्या टाळूसारखा.

तिनं घरामागे तोंड करून हाक मारली, "ए, इकडे ये!"

सून आली. कमरेला वाखाचा भारा बांधलेला, केसांत तंतू अडकलेले, तोंड उघडं. घरामागून दारापर्यंत आली तेवढ्यानंही तिला धाप लागली होती. परका माणूस समोर बघून तिनं तोंड मिटलं आणि नाकानं श्वास घ्यायचा प्रयत्न केला. तो काही जमला नाही.

"हा तुझा दोर. बघ. लोक परत आणून टाकायला लागले. पायाला मेंदी लावून चालत होतीस का?"

सुनेनं दोर हातात घेतला. विहीरवाल्याला अवघडल्यासारखं झालं, तो आभाळाकडे बघायला लागला. आभाळात बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तर तो विहिरी खणत होता.

"चार दिवसांत दुसरा द्या," तो म्हणाला आणि गेला.

"मुकी झालीस का?" थोरली म्हणाली.

"चालते ना मी, आई," सून म्हणाली. "चालतेच आहे." आणि परत मागे गेली.

घरामागे कुंपणाच्या कडेनं दोर वळायची वाट होती. एकशेवीस पावलांची, सरळ, तुडवून तुडवून दगडासारखी झालेली. एका टोकाला चाक. चाकावर थोरलीचा मुलगा. सून चाकाच्या आकड्याला वाख अडकवायची आणि मागे मागे चालत जायची. मुलगा चाक फिरवायचा, ती कमरेच्या भाऱ्यातून वाख सोडायची, आणि तिच्या बोटांतून पेड निघत जायचा. एकशेवीस पावलं उलटी. मग परत येऊन दुसरा पेड, मग तिसरा. तिन्ही मिळून एक दोर. पाठीमागे काय आहे ते बघायचं नाही, बघितलं की हात चुकतो.

ही चाल थोरलीनं तीस वर्षं केली होती. मग गुडघे गेले आणि सून आली. सून आली तेव्हा कशी होती! हसत हसत उलटी चालायची, चाकावरच्या नवऱ्याची नक्कल करायची, आणि तरी पेड असा निघायचा की थोरलीला नाव ठेवायला जागा सापडायची नाही. त्याचाही तिला राग यायचा.

दुसऱ्या दिवशी उजाडताना थोरली वाखाच्या खोलीत गेली. सून तिथं भाऱ्यांना टेकून बसल्या बसल्या झोपली होती. मांडीवर उशी, पाठीमागे उशी.

"राणीसाहेबांना अंथरूण टोचतं वाटतं," थोरली म्हणाली.

सून दचकून जागी झाली. "आडवं झालं की श्वास पुरत नाही, आई. बसलं की बरं वाटतं."

"कधीपासून?"

"झाले असतील दोन महिने."

ती उठायला लागली आणि थोरलीची नजर तिच्या पायांवर गेली. घोटे नव्हतेच. पोटरी सरळ पावलात उतरली होती आणि चपलेच्या पट्ट्याचा वळ त्यात खोल रुतला होता. थोरली वाकली, आणि आयुष्यात पहिल्यांदा सुनेच्या पायाला हात लावला. अंगठा दाबला, उचलला. खड्डा तसाच राहिला. भरून यायला कितीतरी वेळ लागला.

"काय बघताय?" सून लाजून पाय मागे घेत म्हणाली.

"काही नाही. तोंड धू जा."

असा खड्डा तिनं पूर्वी दोनदा पाहिला होता. एकदा आपल्या जावेच्या पायावर. जाऊ गरोदर असताना तोंडानं, हातापायानं सुजली होती. बाळंतपण कसंबसं पार पडलं, सूज उतरली, सगळे विसरले. पुढे बेचाळिसाव्या वर्षी ती याच वाटेवर वाखाचा भारा कमरेला असताना खाली बसली आणि उठलीच नाही. ऊन लागलं, असं लोक म्हणाले. दिवस थंडीचे होते, पण कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी मान हलवली.

दुसऱ्यांदा पाहिला तो नऊ वर्षांपूर्वी, याच सुनेच्या पायावर, दवाखान्यात नर्सनं दाबला तेव्हा.

सुनेचे सुजलेले पाय दिसले त्या दिवशी वाटेवर काम नव्हतं. मुलगा वाख आणायला गेला होता, नात शाळेत. सून विहिरीवर. थोरलीनं परत आलेला दोर उचलला आणि वाटेवर सरळ अंथरला, चाकापासून. मग गुडघ्यांना शिव्या देत त्याच्या कडेनं चालायला लागली, तळहात दोरावर ठेवून, वाकून. जिथं दोर फुगीर लागला तिथं चिंधी बांधली.

तिला माहीत होतं असं का होतं. उलटं चालताना पाय थांबले की वाख बोटांत साचतो, तिथं पेड जाड होतो, आणि जाड जागी पीळ बसत नाही. एखादा पेड एखाद्या जागी जाड झाला तर बाकीचे दोन त्याला सांभाळून घेतात. इथं तिन्ही पेड एकाच जागी सैल होते. म्हणजे बाई तिन्ही वेळा त्याच जागी थांबली होती.

पाच चिंध्या झाल्या. पहिली चाकापासून बरीच लांब. पहिलीपासून दुसरी त्याहून कमी अंतरावर. दुसरीपासून तिसरी आणखी जवळ. शेवटच्या दोन तर दोनचार पावलांवर.

पेड वळून दोर झाला की चार पावलांची तीन होतात. हा हिशेब थोरलीच्या पायातच होता. तिनं तो मनातल्या मनात उलटा केला आणि पावलं मोजत वाटेवर त्या त्या जागी जाऊन उभी राहिली. पहिल्या जागी झाड होतं. दुसऱ्या जागी दगडी हौदाचा काठ. तिसऱ्या जागी कुंपणाचा खांब. खांबाला कंबरेच्या उंचीवर हात लावून लावून तुळतुळीत चकाकी आली होती, बाकीचा खांब खरबरीत. पुढचेही दोन खांब तसेच.

थोरलीनं आपला हात त्या तुळतुळीत जागेवर ठेवला. तो बरोबर बसला.

ही एका महिन्याची चकाकी नव्हती. हे वर्षाचं, दोन वर्षांचं काम होतं. आणि ती रोज चाकाजवळ बसून वाख विंचरत सूनबाईच्या नावानं ओरडत होती, "पाय उचल, पाय!"

ती घरात आली. खुंटीला सुतळीचा गठ्ठा लटकत होता. बारीक सुतळी, दोराची टोकं बांधायची. एका जाड पुठ्ठ्यावर गुंडाळलेली. या पुठ्ठ्यावरची सुतळी संपू द्यायची नाही, तळ दिसू द्यायचा नाही, थोडी उरली की वर नवी गुंडाळायची, अशी या घरात रीत होती. थोरलीनंच घातलेली. नातीला वाटायचं हे काहीतरी शुभ असतं. सुनेला वाटायचं म्हातारीची खोड.

थोरली जमिनीवर बसली आणि सुतळी सोडायला लागली. वरची सोनेरी होती, मग पिवळी, मग मातकट, मग नऊ वर्षांपूर्वीची काळपट. मांडीवर ढीग झाला. शेवटी पुठ्ठा निघाला, दवाखान्यानं दिलेला. कडांना सुतळीनं दाते पाडले होते. आतलं अक्षर तेवढं स्वच्छ होतं.

थोरली दोन वर्षं शाळेत गेली होती. अक्षरावर बोट ठेवून ती वाचू शकायची, कुणी बघत नसलं तर. तिनं बोट ठेवलं.

गरोदरपणात रक्तदाब वाढला. झटके आले. पुढे हृदयाला धोका. दरवर्षी रक्तदाब तपासणे. दरवर्षी या शब्दाखाली दोन रेघा होत्या.

वाचायची खरं तर गरज नव्हती. तिनं ते कानांनी ऐकलं होतं. सून आत शुद्धीवर नव्हती, मुलगा परगावी दोर पोचवायला गेलेला, आणि दवाखान्याच्या ओसरीत चष्म्याची नर्स तिला सांगत होती, "सूज उतरेल, झटके थांबले, पण हे इथं संपलं असं समजू नका. अशा बायकांचं हृदय पुढे दहा-वीस वर्षांनी त्रास देतं. तिला शुद्ध आली की सांगा. दरवर्षी आणा. आजी, ऐकताय ना?"

आजी! थोरली पंचावन्नचीसुद्धा नव्हती. त्या एका शब्दानं तिचं डोकं फिरलं होतं. त्या सकाळपासून आपण खरोखरच आजी झालोय, हे तिच्या ध्यानात घरी आल्यावर आलं.

"बघू," ती म्हणाली होती. आणि घरी आल्यावर सुनेला सांगितलं, अशक्तपणा होता, झालं गेलं. सांगितलं तर पोरगी जन्मभर छातीवर हात ठेवून बसेल, असं तिनं स्वतःला समजावलं. वाट कोण चालणार, असंही मनात आलं होतं. ते तिनं स्वतःलाही मोठ्यानं सांगितलं नाही. पुठ्ठा जाड होता, सुतळीला बरा होता. फाडून टाकायचा मात्र तिला धीर झाला नव्हता.

मुलगा आला तेव्हा ती दारात उभी होती.

"उद्या हिला दवाखान्यात न्यायचं."

"उद्या? विहीरवाल्याचा दोर?"

"विहीर कुठं पळून जात नाही."

मुलानं आईकडे पाहिलं. दोराच्या आधी दुसरं काही, असं या तोंडातून त्यानं ऐकलं नव्हतं. तो गुमान बैल धुवायला गेला.

दवाखान्यात बाकावर बसायला जागा नव्हती. सून भिंतीला टेकून उभी राहिली. थोरलीनं एका धट्ट्याकट्ट्या माणसाला सांगितलं, "ऊठ की, पाय भाड्यानं आणलेत का?" तो उठला. सून बसली. त्या माणसाला कुणीतरी विचारलं, ही कोण रे बाई, तर तो म्हणाला, "माहीत नाही, पण उठलेलं बरं."

आत डॉक्टरीण तरुण होती. थोरलीच्या नातीहून सतरा-अठरा वर्षांनी मोठी असेल. तिनं सुनेच्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली, पुन्हा भरली. तिचा चेहरा बदलला. तिनं पाय दाबून पाहिले, पाठीला नळी लावून ऐकलं.

"रक्तदाब खूप आहे. पूर्वी कधी होता?"

"नाही," सून म्हणाली.

"किती मुलं?"

"एक मुलगी. नऊ वर्षांची."

"गरोदरपणात काही त्रास? सूज, डोकेदुखी, झटके?"

"तसं काही नाही. बाळंतपणात थोडा वेळ बेशुद्ध होते म्हणे. अशक्तपणा होता." तिनं मागे वळून विचारलं, "हो ना, आई?"

थोरली दाराशी उभी होती. मुलगा शेजारी. कमरेच्या पिशवीत पुठ्ठा होता, त्याचे दाते तिच्या पोटाला टोचत होते. आत्ताही हो म्हणता आलं असतं. डॉक्टरीण गोळ्या देणारच होती. सुनेला कधी कळलं नसतं, मुलाला कळलं नसतं, चाळीस वर्षं ज्या घरात तिचा शब्द खाली पडला नव्हता त्या घरात तो तसाच राहिला असता. सून तिच्याकडे बघत होती. उत्तराची वाट बघत नव्हती, नुसती हो ऐकायला थांबली होती.

"नाही," थोरली म्हणाली.

तिनं पुठ्ठा काढून टेबलावर ठेवला.

"झटके आले होते हिला. दोन. रक्तदाब वाढला होता. दरवर्षी आणा म्हणाले होते. मी आणलं नाही. हिला सांगितलंही नाही."

"आई?" मुलगा म्हणाला.

"मध्ये बोलू नको. मी बोलतेय ना."

डॉक्टरिणीनं पुठ्ठा उलटा सुलटा करून पाहिला. दात्यांवरून बोट फिरवलं. "याच्यावर काय बांधलं होतं?"

"सुतळी."

डॉक्टरीण थोरलीकडे बघत राहिली. ओरडली असती तर थोरलीला सोपं गेलं असतं, ओरडणाऱ्याला उत्तर द्यायची तिला सवय होती. ती ओरडली नाही. तिनं खुर्ची सुनेकडे वळवली आणि थोरलीला वगळून तिच्याशीच बोलायला लागली. गरोदरपणात रक्तदाब वाढलेल्या बाईचं हृदय आणि शिरा पुढेही ताणाखाली राहू शकतात. वरून काही दिसत नाही. वर्षानुवर्षं रक्तदाब चढा राहिला की हृदय थकतं, मग धाप लागते, पायांना सूज येते, आडवं झोपवत नाही.

"हे सगळं मला होतंय," सून म्हणाली.

"हो. आज मोठ्या दवाखान्यात जा, चिठ्ठी देते. हृदयाची तपासणी करतील. वेळेवर आलात असं मी म्हणणार नाही. पण हातातून गेलंय असंही नाही. गोळ्या रोज घ्यायच्या. बरं वाटलं तरी घ्यायच्या. मीठ कमी. आणि पुन्हा दिवस राहायच्या आधी आम्हाला विचारायचं."

"आणि काम?"

"काय करता?"

"उलटी चालते," सून म्हणाली, आणि का कोण जाणे, तिला हसू आलं. हसता हसता धाप लागली.

मोठ्या दवाखान्यात तिला चार दिवस ठेवलं. हृदय पसरलंय, जोर कमी झालाय, गोळ्यांनी पुष्कळ सुधारेल, असं सांगितलं. अंगातलं पाणी उतरलं तेव्हा घोटे दिसायला लागले. नात आईच्या पायांकडे बघून म्हणाली, "आई, तुला हाडं आहेत!"

घरी आल्यावर सून थोरलीशी बोलली नाही. पाणी द्यायची, ताट ठेवायची, विचारलं तर मान हलवायची. मुलगाही कामापुरतं बोलायचा. थोरलीनं पहिल्या दिवशी दोनदा भांडण काढून पाहिलं. कुणी उचललं नाही.

मग तिनं वाखाचा भारा कमरेला बांधला.

"काय करतेस?" मुलगा म्हणाला.

"चाक फिरव."

"तुझे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत. चाक तुझं आहे. फिरव."

ती उलटी चालायला लागली. दहा पावलांत गुडघ्यात सुया घुसल्या. झाडापाशी ती थांबली. हात आपोआप मागे गेला आणि खोडाला टेकला. हौदापाशी पुन्हा. पहिल्या खांबापाशी तिचा तळहात त्या तुळतुळीत जागेवर पडला आणि ती तिथं जरा जास्तच थांबली. मुलानं चाक थांबवलं. सून खिडकीत उभी होती. तीन पेडांना अडीच दिवस लागले.

विहीरवाला आला तेव्हा थोरलीनं दोर स्वतः त्याच्या पुढ्यात ठेवला. दोराला जागोजाग लाल चिंध्या होत्या.

"हे काय, काकू? सजवलात का?"

"चिंधी आहे तिथं दोर सैल आहे. मी वळलाय. मातीच्या पाट्या ओढायला घे, माणूस लटकवू नको. माणसाचा दोर हवा तर पुढच्या गावात दुसरे आहेत वळणारे. चांगले आहेत."

विहीरवाला तिच्याकडे बघतच राहिला. त्या दुसऱ्यांना ती आजवर गवत वळणारे म्हणत आली होती. त्यानं दोर खांद्यावर घेतला आणि जाताना "येतो, काकू," असं जरा हळू म्हणाला.

थोरली हौदाच्या काठावर बसली. पाय लांब करून गुडघे चोळायला लागली. सून बाहेर आली. सकाळची गोळी तिनं थोरलीसमोरच घेतली, पाण्याचा पेला खाली ठेवला आणि काठाच्या दुसऱ्या टोकाला बसली. तिच्या हातात लाकडाची फळी होती आणि सुतळीचा ढीग. ती फळीवर सुतळी गुंडाळायला लागली. पुठ्ठा तिनं आपल्या पेटीत ठेवून कुलूप लावलं होतं, थोरलीला ठाऊक होतं.

फळीवर सुतळीचे दोन थर चढले.

"मला झटके आले तेव्हा," सून फळीवरची नजर न काढता म्हणाली, "तुम्ही तिथं होतात?"

"होते. हात धरले होते तुझे. मला न् नर्सला, दोघींना मिळून आवरत नव्हतीस."

"घाबरला होतात?"

"मी? मी कशाला घाबरते?"

सून गुंडाळत राहिली. थोरलीनं वाटेकडे पाहिलं. चाकापासून कुंपणाच्या टोकापर्यंत सगळी वाट रिकामी पडली होती.

"हो," ती म्हणाली. "खूप."

सुनेचा हात थांबला. मग तिनं सुतळीचं सुटं टोक थोरलीच्या बाजूला सरकवलं.

"धरा," ती म्हणाली. "ताणून. सैल नको."

थोरलीनं धरलं.